चार टक्के कशाचे?

गेल्या दिवाळीत मोहोळला गेलो तेव्हा चुलतभावाने भंगारवाल्याला बोलावून ठेवले होते. शेतातल्या जुन्या गुऱ्हाळाच्या छपराखाली एक वाफेचे इंजिन आणि एक उभा बॉयलर कित्येक वर्षे गंजत पडले होते. ते काढून तिथे जनावरांचा गोठा करायचा होता. "दादा, तुम्ही एकदा बघून घ्या, मग उचलू," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अडचण एवढीच होती, की ते इंजिन त्याच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे, तात्यांचे होते. आणि त्या इंजिनावर मी एके काळी एक विनोदी लेख लिहिला होता.

तो लेख २००७ च्या एका दिवाळी अंकात आला. लोकांना आवडला. त्यातला खेडूत संशोधक पऱ्हाट्या जाळून वाफ करतो, वाफेवर पंप चालवतो, आणि गावाला सांगत सुटतो की आता डिझेलवाल्यांचे दिवस भरले. लेखाच्या शेवटी 'तोंडची वाफ दवडणे' या वाक्प्रचारावर मी एक कोटी केली होती. तिचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. लेखात एक आकडाही होता: या यंत्राची कार्यक्षमता चार टक्के. आकडा खुद्द तात्यांच्याच वहीतला, त्यांनीच मला मोठ्या विश्वासाने दाखवलेला. तात्यांनी लेख वाचला. रागावले नाहीत. संक्रांतीला गेलो तेव्हा एवढेच म्हणाले, "मास्तर, चार टक्के लिवलंस, पर कशाचे ते लिवलंच न्हाईस की."

मी हसून वेळ मारून नेली. साहित्याच्या प्राध्यापकाला टक्केवारी म्हणजे पेपर तपासताना लागणारी गोष्ट. ती कशाची तरी असते, आणि ते 'कशाचे' आपण ठरवलेले असते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

थोडे मागे जायला हवे. २००५ नंतरच्या त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागाने जे भारनियमन भोगले ते आजच्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरे वाटणार नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत शेतकरी विहिरीवर झोपत. तात्यांची विहीर सीनेच्या अंगाला, पाच अश्वशक्तीचा पंप. वीज नसली की डिझेलचे इंजिन काढायचे. डिझेल लिटरला चाळीस रुपयांच्या आत असले तरी ज्वारीच्या आणि कांद्याच्या भावाशी तुलना केली तर ते महागच होते. अशा वेळी बांधावर पडलेल्या तुरकाट्या, पऱ्हाट्या, उसाचे पाचट त्यांना दिसू लागले. इतके जळण फुकट पडले आहे, आणि आपण तेल विकत आणतो!

हा विचार वेडगळ नव्हता. एकोणिसाव्या शतकात रशिया-हंगेरीच्या गव्हाच्या शेतांवर काड जाळून मळणीची वाफयंत्रे चालत. ब्रह्मदेशात इरावतीच्या खोऱ्यातल्या भातगिरण्या तूस जाळून वाफ करीत आणि त्याच वाफेवर भात कांडीत. अशा गिरण्या अगदी अलीकडेपर्यंत चालू होत्या. तात्यांनी हे सारे कुठून तरी वाचले होते. सोलापुरात चादरी-टॉवेलांचे सूत रंगवणारे कारखाने आहेत. त्यांपैकी एक बंद पडला, त्याचा लहान उभा बॉयलर त्यांनी घेतला. इंजिन राजकोटहून मागवले. बॉयलरच्या कागदपत्रांपायी एक वर्ष गेले. १९२३ च्या बॉयलर कायद्याखाली (आता त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे) नोंदणी, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि जाणकार माणूस यांशिवाय असे भांडे पेटवता येत नसे. लेखात मी या खेपांचीही टिंगल केली होती. खरे तर नियम बरोबर होता. सात किलो दाबाची वाफ ज्याच्या पोटात आहे ते भांडे फुटले तर छप्परच काय, माणूसही उरत नाही. आणि हे तात्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

भंगारवाला तराजू लावीत होता तेव्हा चुलतभावाने ती वही आणून माझ्या हातात दिली. लांबट, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तशी. मी छपराच्या खांबाला टेकून ती पहिल्यांदा पूर्ण वाचली.

पहिल्या काही पानांवर पंपाचा हिशेब आहे. सहा तास पंप चालला. जळण सव्वा क्विंटल, पाणी साडेचारशे लिटर. डिझेलवर हेच काम साडेसहा लिटरांत होते. त्यापुढे उष्णतेची गणिते. वाळक्या काटक्यांत किलोला साधारण पंधरा मेगाज्यूल उष्णता धरली, तर पंपाला मिळालेले काम त्या उष्णतेच्या चार टक्के. हाच तो आकडा.

ते उरलेले शहाण्णव टक्के कुठे जातात, हे वहीत इतक्या सोप्या रीतीने मांडले आहे की मला ते तीस वर्षे कसे कळले नाही याचेच आश्चर्य वाटले. एक किलो पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत न्यायला शंभर किलोकॅलरी लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी पाचशे चाळीस. आपण वाफेला दट्ट्या ढकलायला लावतो, आणि काम झाले की हवेत सोडून देतो. त्या पांढऱ्या ढगाबरोबर ते पाचशे चाळीसही जातात. इंजिनाने वापरले ते वरवरचे. मुख्य ठेव जशीच्या तशी निघून गेली. सात किलो दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १७० अंश, बाहेर पडते तेव्हा १००. या दोन तापमानांमध्ये काम करणारे यंत्र, ते कितीही निर्दोष बनवा, सोळा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. हा निसर्गाचा नियम, कारागिराचा दोष नव्हे. त्या सोळांतून बॉयलरची गळती, धुराड्यातून जाणारी ऊब, सांध्यांतून फुसफुसणारी वाफ आणि घर्षण वजा करा. शिवाय यंत्र लहान. लहान भांड्यातला चहा लवकर निवतो. लहान सिलिंडरही तसाच, पोटाच्या मानाने त्याची कातडी मोठी. जुन्या रेल्वे इंजिनांनासुद्धा सहसा सहा-आठ टक्क्यांच्या पुढे मजल मारता आली नाही, तिथे पाच घोड्यांच्या या यंत्राने चार टक्के दिले हे तात्यांच्या हाताचे कौतुकच म्हणायला हवे.

आणि पाणी. मोहोळ तालुका अवर्षणाचा. पंपाने उपसलेल्या पाण्यापुढे साडेचारशे लिटर म्हणजे काहीच नव्हे. पण आमच्या काळ्या पाषाणातल्या विहिरीचे पाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर धरतो तोच बॉयलरच्या नळ्यांना धरी, आणि त्या थरातून उष्णता आत शिरेना. वहीत दर पंधरवड्याला एक नोंद आहे: 'नळ्या खरवडल्या.'

इतके सगळे असूनही डिझेलशी मांडलेला हिशेब तात्यांना फायद्याचा दिसत होता. जळण फुकट आणि माणसे घरची. मला वाटते, वहीतली खरी चूक इथे आहे, आणि ती उष्णतेच्या गणितातली नव्हे. जळण फुकट नव्हते. पऱ्हाट्या आणि तुरकाट्या हे काकूंच्या चुलीचे सरपण होते. ते त्याच वेचून आणीत आणि मोळ्या बांधून डोक्यावरून वाहत. इंजिनाने पहिल्या महिन्यात पावसाळ्याची बेगमी संपवली तेव्हा काकू विहिरीवर येऊन म्हणाल्या होत्या, "माझी चूल विझवून तुमचं इंजान पेटवलंय." हे वाक्य मी लेखात वापरले होते. वाचक हसले. वहीत या वाक्याला जागा नाही. पण त्या तारखेनंतर एक नवा रकाना सुरू झालेला दिसतो, 'सरपण, घरचे', आणि त्याखाली किलोमागे भाव लावलेला आहे. म्हणजे मी ज्याचा विनोद केला ते तात्यांनी हिशेबात घेतले.

टाकाऊ, कचरा, फुकट हे शब्द शेतीच्या बाबतीत फार जपून वापरायला हवेत. ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात निवडली गेली, त्या मोहोळच्या माणसाला तरी हे सांगायला नको. मालदांडी रब्बीवर इतकी वर्षे टिकून राहिली ती केवळ भाकरीच्या चवीने नव्हे. तिचा कडबाही जनावरांना हवासा वाटतो म्हणून. दाणा माणसाचा, ताट बैलाचे. दुष्काळात कडब्याच्या पेंडीचा भाव ज्याने पाहिला आहे तो ती बॉयलरमध्ये घालण्याची कल्पनाही करणार नाही. तात्यांनी कडब्याला कधी हात लावला नाही. पाचट मात्र जाळले. मग एका पानावर लिहिले आहे: 'पाचट जाळले की रान उघडे पडते. सरीत ठेवावे.' आज हे सर्व जण सांगतात. तेव्हा आमच्या शिवारात पाचटाला उभ्या रानात काडी लावण्याचीच रीत होती.

वही वाचताना माझ्या मनात वारंवार आले की, मी इतकी वर्षे वर्गात यंत्रयुगावर बोलत होतो ते नेमके कशाबद्दल? मर्ढेकर शिकवताना यंत्र म्हणजे यांत्रिकता, माणसाचे अवमूल्यन, गर्दी, गिरणीचा भोंगा, एवढे सांगितले की तास भरे. यंत्र खाते काय, पिते काय आणि टाकते काय, हे आम्ही विचारले नाही. आपल्या वाङ्मयाने यंत्राकडे नेहमीच असे दुरून पाहिले असेही नाही. 'किर्लोस्कर' मासिक जन्माला आले ते १९२० साली, नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे 'खबर'पत्र म्हणून. आणखी एक धागा आमच्या विषयातल्या माणसांना गमतीचा वाटेल. वर ज्या इरावतीच्या खोऱ्यातल्या तुसावर चालणाऱ्या गिरण्यांचा उल्लेख केला, त्याच नदीकाठी म्यिंजान येथे १९०५ साली इरावती कर्वे यांचा जन्म झाला आणि नदीचेच नाव त्यांना मिळाले. 'युगान्त'च्या या लेखिकेचे पुत्र आनंद कर्वे यांनी पुढे उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या वळण्याची रीत घडवली. त्यासाठी त्यांच्या संस्थेला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जावई बनबिहारी निंबकर यांनी फलटणला काढलेल्या संस्थेत पाचट आणि उसाचा चोथा यांचा जळाऊ वायू करण्याचे प्रयोग झाले. म्हणजे महाभारताच्या अभ्यासकाच्या घरातली पुढची पिढी पाचटाचे काय करावे या प्रश्नाला भिडली होती. आणि मी, जो 'युगान्त' दरवर्षी शिकवत होतो, तो स्वतःच्या चुलत्याच्या त्याच प्रश्नावर कोट्या करीत होतो.

वहीचा दुसरा भाग २००८ च्या हंगामातला, आणि तो मला अजिबात ठाऊक नव्हता. लेख छापून आल्यावर तात्यांनी मला यातले काही दाखवले नाही. मीही विचारले नाही.

त्यांनी इंजिन विहिरीवरून हलवून गुऱ्हाळावर नेले. कारण वहीत एका ओळीत आहे: 'वाफ टाकायची नसेल तर जिथे ऊब लागते तिथे इंजिन न्यावे.' गुऱ्हाळावर दोन्ही लागते. चरक फिरवायला ताकद आणि रस आटवायला आच. तोपर्यंत चरक डिझेलवर फिरे, आणि चुलाण्यात उन्हात वाळवलेले चिपाड जळे. तात्यांनी दहा घोड्यांचा चरक वाफेवर घेतला, आणि इंजिनातून सुटणारी वाफ हवेत न सोडता एका वेटोळ्या नळीतून रसाच्या टाकीत फिरवली. काहिलीत पडणारा रस आधीच नव्वद अंशांपर्यंत तापलेला.

हेच तर साखर कारखाना करतो. आमच्याच तालुक्यात टाकळी सिकंदरला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. जिल्ह्यात माळीनगर आणि श्रीपूरचे कारखाने १९३० च्या दशकापासूनचे. उसाच्या वजनाच्या अठ्ठावीस-तीस टक्के बगॅस निघते, तीच बॉयलरमध्ये जळते, वाफ आधी चरक किंवा जनित्र फिरवते आणि मग रस आटवते. पण कारखान्याची वाफ सदुसष्ट किलो दाबाची आणि पाचशे अंशांच्या आसपास तापवलेली असते. शिवाय तिथे एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या भांड्यातला रस उकळते, कारण पुढच्या भांड्यात निर्वात केल्यामुळे तो कमी तापमानाला उकळतो. ही युक्ती लुइझियानातल्या नोर्बेर रिय्यू या कृष्णवर्णी मातेच्या पुत्राने १८४० च्या दशकात शोधली. तात्यांकडे ना तो दाब, ना ते निर्वात. त्यामुळे त्यांची वाफ शंभर अंशांवर अडली. शंभर अंशांची वाफ रस तापवू शकते, पण आटवू शकत नाही. आणि गूळ तर ११८ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय होत नाही. गुळव्या ज्या क्षणी बोटांत चाचणी घेऊन 'उतरवा' म्हणतो, तो क्षण या वाफेच्या आवाक्याबाहेर होता.

तरीही त्या पानावरचा आकडा पाहून मी थांबलो. तासाला अर्धा टन ऊस, त्याचा तीनशे किलो रस. चरकाला गेलेले काम, इंधनाच्या चार टक्के. रस तापवायला गेलेली उष्णता, अकरा टक्के. बेरीज पंधरा. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली तात्यांचे मोठे, थोडे कंप पावणारे अक्षर: 'मास्तरला सांगणे. इंजिन तेच.'

त्यांनी मला सांगितले नाही. पुढच्या पानावर न सांगण्याचे कारण सापडते. तासाला पंचेचाळीस किलो जळण बॉयलरला लागले. रस तापून आल्यामुळे चुलाण्यात बारा-तेरा किलो वाचले. म्हणजे बत्तीस-तेहतीस किलोंची तूट, तीही तासाला. काहिलीलाच मुळात सगळे चिपाड पुरते न पुरते असे होई. कमी पडले की कुठेकुठे लोक जुने टायर जाळतात आणि गुळाला तो वास येतो. तात्यांनी टायर जाळले नाहीत. पऱ्हाट्या विकत आणल्या. चार आठवड्यांनी डिझेलचे इंजिन पुन्हा चरकाला जोडले. ती नोंद अशी: 'हिशेब बसतो. जळण बसत नाही.'

मला हे वाक्य माझ्या संपूर्ण लेखापेक्षा चांगले वाटते. लहान वाफयंत्र व्यवहार्य आहे की नाही, या प्रश्नाला एवढे नेमके उत्तर मी अन्यत्र वाचलेले नाही. जिथे जळण खरोखर साचून पडते, हलवणेच महाग असते, आणि सुटलेल्या वाफेला गिऱ्हाईक असते, तिथे ते चालते, इरावतीकाठी चालले. शेताच्या बांधावर एकट्या पंपासाठी ते चालणार नाही. आज तर त्याच विहिरीवर सौरपंप आहे. ऊस सूर्यप्रकाशातून जेमतेम एक-दोन टक्के ऊर्जा धरतो, त्यातले चार टक्के इंजिनाने काढायचे. उलट छपरावरच्या काचा त्याच उन्हातून थेट वीस टक्के काढतात. ही तुलना तात्या गेल्यावरची, नाहीतर त्यांनीच ती आधी मांडली असती. ते २०१६ साली गेले.

वहीच्या शेवटच्या पानावर किरकोळ टिपणे आहेत. बियाणे, देणी, कोणाच्या तरी लग्नाची तारीख. त्यांत एक: 'मास्तरला विचारणे, आगीनगाडी म्हणतात, वाफगाडी का नाही?'

त्यांनी हे कधी विचारले नाही. हा प्रश्न मात्र माझ्या विषयातला होता. मोहोळला १८६० च्या सुरुवातीला रेल्वे आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुढे सोलापूरला गेली. मधले काही महिने लोहमार्ग आमच्या गावी संपत होता. त्या दिवसांत रुळांच्या टोकाशी उभे राहून ज्यांनी ते इंजिन पहिल्यांदा पाहिले, त्यांना वाफ दिसलीच असणार, कानांनाही ऐकू आली असणार. तरी आपल्या भाषेने नाव ठेवले आगगाडी. समुद्रावरच्या तशाच वाहनाला आगबोट. इंग्रजीने वाफेचे नाव उचलले, आपण आगीचे. आणि योग असा, की या यंत्रांची मर्यादा ज्याने प्रथम दाखवून दिली त्या सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याच्या १८२४ च्या ग्रंथाच्या नावातही वाफ नाही. आगीची चालकशक्ती आहे. काम करते ते उष्णतेचे उंचावरून खाली येणे. वाफ ही नुसती हमाल. हे उत्तर मी तात्यांना दहा मिनिटांत देऊ शकलो असतो. त्यांना ते आवडले असते.

बॉयलर वजनावर गेला. बीड वेगळे, लोखंड वेगळे, तांब्याची वेटोळी नळी वेगळी. भंगारवाल्याने तिला चांगला भाव दिला. इंजिनाचे काय करायचे ते चुलतभावाने अजून ठरवलेले नाही, गोठ्याची जागा थोडी सरकवली आहे. काकू ओट्यावर बसून सगळे पाहत होत्या. टेम्पो निघाला तेव्हा म्हणाल्या, "लई खाल्लं त्यानं." मग थोड्या वेळाने, "पर आवाज बरा व्हता. डिझलवानी नव्हता."

वही मी पुण्याला आणली आहे. पुढच्या वर्षी लेखसंग्रह निघायचा आहे, त्यात तो दिवाळी अंकातला लेख घ्यावा असा प्रकाशकांचा आग्रह आहे. मी त्यांना काकूंचे वाक्य तेवढे काढून ठेवतो असे कळवले, आणि बाकीचा लेख मागे घेतला.